पात्स्क्वारो : सरोवर, नगर आणि भाषा

मेक्सिको देशाच्या पश्चिम भागात मिचोआकान नावाचे राज्य आहे. त्यातील पात्स्क्वारो या नगराचा उल्लेख सर्वत्र ‘सरोवराकाठचे नगर’ असा केला जातो. वस्तुतः नगराचा मुख्य चौक आणि होड्यांचा धक्का यांमध्ये सुमारे तीन किलोमीटरांचे अंतर असून, चौक सरोवराच्या पातळीपासून सुमारे शंभर मीटर उंचीवर आहे. असे असूनही या नगराचा इतिहास सरोवराला वगळून सांगता येत नाही. आणि सरोवराचा इतिहास त्याच्या काठच्या लोकांची भाषा विचारात घेतल्यावाचून पुरा होत नाही. या तिहींचा संबंध कसा आहे आणि त्यांतून कोणता निष्कर्ष निघतो, हे पाहणे अभ्यासकांना उपयुक्त ठरावे.

१. भूमी आणि पाणी

पात्स्क्वारोचे खोरे ज्वालामुखींच्या डोंगरांनी वेढलेले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९३० चौरस किलोमीटर भरते. या खोऱ्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. पावसाचे आणि झऱ्यांचे जे पाणी येते ते मुख्यतः बाष्पीभवनानेच कमी होते. अशा बंदिस्त खोऱ्यातील सरोवराचा काठ कधीच निश्चित नसतो. पर्जन्यमानात थोडा फरक पडला तरी पाणी पुढे सरकते किंवा मागे हटते, आणि डोंगरउतारावरून वाहून येणारी माती तळाशी साचत राहते. काठालगतची सखल जमीन एका पिढीत शेत, तर दुसऱ्या पिढीत लव्हाळ्याची दलदल असते.

सरोवरात हानित्सिओ, युनुएन, पाकांदा ही बेटे आहेत. हाराक्वारो हेही पूर्वी बेटच होते. आता ते काठाला जोडले गेले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सरोवराचा विस्तार बराच आक्रसला. ज्या पांढऱ्या माशासाठी हे पाणी प्रसिद्ध होते तो दुर्मिळ झाला. बाहेरून आणून सोडलेल्या माशांचा उपद्रव, अतिरिक्त मासेमारी आणि पाण्याची खालावलेली प्रत ही त्याची प्रमुख कारणे होत. ‘अचोके’ नावाचा एक जलवासी उभयचर प्राणी केवळ याच सरोवरात आढळतो. त्याची संख्या इतकी घटली आहे की, पात्स्क्वारोतील डोमिनिकन जोगिणींच्या मठात त्याची जोपासना करावी लागली.

२. नावांची साक्ष

‘मिचोआकान’ हे नाव तेथील लोकांनी दिलेले नाही. ते आस्तेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतील आहे. ‘मासा’ या अर्थाच्या शब्दाला स्वामित्वदर्शक प्रत्यय आणि त्यापुढे स्थलवाचक प्रत्यय लागून ‘मत्स्यवंतांचा देश’ असा अर्थ त्यातून निघतो. शेजाऱ्यांच्या दृष्टीने या प्रदेशाची ओळख सरोवरातील माशांनी पटत होती, हे यावरून उघड होते.

स्थानिकांची भाषा पुरेपेचा. जुन्या ग्रंथांत तिला ‘तारास्कन’ म्हटलेले आढळते. जगातील कोणत्याही अन्य भाषेशी तिचे आनुवंशिक नाते आजवर सिद्ध झालेले नाही; ती एकाकी भाषा आहे. तिच्या शब्दांत उपसर्ग नाहीत. सारी रचना प्रत्ययांची. धातूला लागणारे अनेक प्रत्यय क्रिया कोणत्या जागी घडते ते दर्शवितात. या जागा पुष्कळदा शरीराच्या अवयवांवरून कल्पिलेल्या असतात : एक प्रत्यय मुखाचा वा दर्शनी भागाचा, तर दुसरा मस्तकाचा वा माथ्याचा. पॉल फ्रीड्रिक यांनी १९७१ मध्ये या स्थानदर्शक प्रत्ययांचे सविस्तर विवेचन केले.

मराठी अभ्यासकाला या भाषेचे ध्वनी अनपेक्षितपणे परिचित वाटतील. अल्पप्राण आणि महाप्राण स्फोटकांतील भेद तेथे अर्थभेदक आहे. शिवाय ‘घोडा’ या शब्दातील ‘ड’च्या निकटचा एक मूर्धन्य ध्वनीही आहे. स्पॅनिश भाषेत हे दोन्ही नाहीत. म्हणून पात्स्क्वारो, हाराक्वारो, एरोंगारिक्वारो या नावांच्या अखेरचा स्थलवाचक प्रत्यय स्पॅनिश लेखनात साधा ‘रो’ झाला आणि त्यातील मूर्धन्य ध्वनी लोपला.

‘त्सिन्त्सुन्त्सान’ या प्राचीन राजधानीच्या नावाचा संबंध हमिंगबर्ड या इवल्याशा पक्ष्याशी आहे, आणि तिचे नाहुआत्ल नावही त्याच अर्थाचे आहे. दोन असंबद्ध भाषांतील नावे परस्परांची भाषांतरे असल्यामुळे येथे अर्थाविषयी खात्री बाळगता येते. ‘पात्स्क्वारो’विषयी अशी खात्री नाही. कोणी त्याचा संबंध मंदिराच्या पायाच्या शिळांशी जोडतात, कोणी लव्हाळ्याशी, तर कोणी मृत्यूच्या काळोखाशी. शेवटचा अर्थ प्रवाशांना आवडतो. परंतु आवड हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे.

३. राज्य आणि धर्मपीठ

या प्रदेशाच्या प्राचीन इतिहासाचे मुख्य साधन म्हणजे १५४० च्या सुमारास फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक हेरोनिमो दे अल्काला यांनी सिद्ध केलेला, आणि आज स्पेनमधील एस्कोरियल येथे असलेला, ‘मिचोआकानचा वृत्तान्त’ हा ग्रंथ होय. त्यानुसार तारियाकुरी या पुरुषाने राज्याचा पाया घातला आणि पुढे सत्ता पात्स्क्वारो, इवात्सिओ आणि त्सिन्त्सुन्त्सान या तीन स्थानी विभागली गेली. अखेरीस त्सिन्त्सुन्त्सानने प्राधान्य मिळविले. तेथील पाच ‘याकाता’, म्हणजे आयताला अर्धगोल जोडलेले दगडी चौथरे, आजही सरोवराकडे तोंड करून उभे आहेत. तांबे आणि कासे यांच्या कामात हे लोक निष्णात होते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चालून आलेल्या आस्तेक सैन्याचा त्यांनी मोठा पराभव केला.

स्पॅनिश सैन्य १५२२ मध्ये येथे पोचले. परंतु देवीची साथ त्याच्या आधीच येऊन गेली होती. शेवटचा राजा दुसरा तांगाशोआन याला नुन्यो दे गुस्मान याने १५३० मध्ये देहदंड दिला. या अत्याचारानंतर विस्कटलेली घडी बसविण्यासाठी आलेल्या अधिकाऱ्यांत वास्को दे किरोगा हे न्यायाधीश होते. टॉमस मूर यांच्या ‘युटोपिया’ ग्रंथाचा त्यांच्यावर प्रभाव होता. सामुदायिक शेती, ठरावीक तासांचे श्रम आणि आजाऱ्यांची शुश्रूषा या तत्त्वांवर त्यांनी सांता फे दे ला लागुना ही वसाहत सरोवराच्या काठी १५३३ मध्ये स्थापिली. १५३६ मध्ये मिचोआकानचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि किरोगा त्याचे पहिले बिशप झाले. त्यांनी लवकरच धर्मपीठ त्सिन्त्सुन्त्सानहून पात्स्क्वारोला हलविले आणि १५४० मध्ये तेथे सान निकोलास विद्यालय काढले.

पाच दालनांचे प्रचंड कॅथीड्रल उभारण्याचा त्यांचा संकल्प होता. त्यांतील एकच दालन पूर्ण झाले. आजची बॅसिलिका ती हीच. किरोगा १५६५ मध्ये वारले आणि १५८० मध्ये धर्मपीठ व विद्यालय ही दोन्ही वायादोलिद या प्रतिस्पर्धी नगरास गेली. त्या नगराला १८२८ पासून मोरेलिया म्हणतात. पात्स्क्वारो मागे पडले. पण मागे पडल्यामुळेच त्याची कौलारू घरे आणि जुनी रचना टिकली. त्याच्या मुख्य चौकाच्या कडेला एकही चर्च नाही, ही गोष्ट मेक्सिकोतील जुन्या नगरांत अपवादात्मक आहे.

४. भाषेचे व्याकरण, भाषेचे शिक्षण

धर्मप्रसारासाठी पुरेपेचाचा अभ्यास आरंभापासून झाला. मातुरिनो हिल्बेर्ती या फ्रेंच फ्रान्सिस्कनाने रचलेले तिचे व्याकरण १५५८ मध्ये मेक्सिको नगरात छापले गेले. अमेरिका खंडात मुद्रित झालेले तेथील भाषेचे हे पहिले व्याकरण मानले जाते. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ मध्ये आले. परंतु थॉमस स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण राशोल येथे छापून निघण्यास १६४० साल उजाडले. या दोन ग्रंथांत ८२ वर्षांचे अंतर असले, तरी लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत परकी भाषा बसविण्याची अडचण दोघांपुढे सारखीच होती.

हिल्बेर्ती यांचा शब्दकोश १५५९ मध्ये आला. त्याच वर्षी त्यांनी पुरेपेचा भाषेत ख्रिस्ती धर्मतत्त्वांवरील संवादग्रंथ प्रसिद्ध केला. त्यावर आक्षेप घेऊन त्याचा प्रसार थांबविणारे बिशप किरोगाच होते. स्थानिकांचे हितकर्ते म्हणून ज्यांचे स्मरण होते, त्यांनीच स्थानिक भाषेतील ग्रंथ अडवावा, ही विसंगती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रजेविषयीची कणव आणि प्रजेच्या भाषेतील विचारावर विश्वास या दोन भिन्न गोष्टी आहेत.

विसाव्या शतकात हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. मिचोआकानचेच असलेले राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांच्या काळात, १९३९ मध्ये, भाषावैज्ञानिक मॉरिस स्वाडेश यांच्या मार्गदर्शनाखाली पुरेपेचा भाषेतून साक्षरतेचा प्रयोग सुरू झाला. १९४० च्या एप्रिलमध्ये अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांच्या प्रश्नांवरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद पात्स्क्वारोतच भरली. परंतु शासन बदलल्यावर साक्षरतेचा प्रयोग मावळला. १९५१ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने येथे प्रौढशिक्षणाचे प्रादेशिक केंद्र निघाले. ते आजही कार्य करीत आहे. मूळ रहिवाशांच्या भाषांना राष्ट्रीय भाषा म्हणून कायद्याने मान्यता मात्र २००३ मध्ये मिळाली.

५. एका वादाचे महत्त्व

सरोवर गाळाने का भरले, या प्रश्नावर संशोधकांत महत्त्वाचा मतभेद आहे. सारा ओहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सरोवराच्या तळातील गाळाचे नमुने अभ्यासून असे दाखविले की, स्पॅनिश लोकांच्या आगमनापूर्वीच जमिनीची तीव्र धूप झाली होती. नांगर आल्यामुळे माती वाहून गेली, हा रूढ समज यामुळे डळमळला. पारंपरिक शेती निसर्गाला अपायकारक नव्हती असे मानणाऱ्यांना हा धक्का होता.

२००३ मध्ये क्रिस्तोफर फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काठच्या जमिनीचेच परीक्षण करून वेगळे मत मांडले. खोऱ्यात दाट वस्ती असताना उतारांवर दगडी बांध घालून जमिनीचे सोपान केलेले होते. ते दरवर्षी दुरुस्त करावे लागत. सोळाव्या शतकातील साथींनी माणसे नाहीशी झाली, बांध पडले आणि माती सरोवरात गेली. म्हणजे या मताप्रमाणे जमिनीचा नाश माणसांच्या गर्दीने झाला नाही. ती राखणारी माणसे उरली नाहीत, म्हणून झाला.

या वादाचा अखेरचा निर्णय मृदाशास्त्रज्ञ करतील. भाषेच्या अभ्यासकाला मात्र दुसऱ्या मतातील कार्यकारणभाव विचारात घेण्याजोगा वाटेल. भाषाही अशा सोपानांसारखीच आहे : नित्य वापराने ती उभी राहते आणि वापर थांबला की ढासळते. २०२० च्या जनगणनेत पुरेपेचा बोलणारे सुमारे १,४०,००० लोक नोंदले गेले. नगरातील व्यवहार स्पॅनिशमध्ये चालतो. बेटांवर आणि सांता फेसारख्या गावांत पुरेपेचा अद्याप ऐकू येते. ‘पिरेक्वा’ या तिच्या गीतप्रकाराला युनेस्कोच्या सूचीत २०१० मध्ये स्थान मिळाले. सूचीत नोंद झाल्याने भाषा जगत नाही, हे खरे. घरात, शेतावर आणि होडीत ती बोलणारी माणसे काठावर राहतील तोवर ती राहील. आणि त्यांना काठावर राहता येईल की नाही, हे सरोवरात पाणी आणि मासे किती उरतात यावर पुष्कळ अंशी ठरेल. पात्स्क्वारोच्या संदर्भात भूगोल आणि भाषा हे दोन विषय वेगळे ठेवता येत नाहीत, ते या कारणाने.