रविवारची संध्याकाळ आणि पोटातला गोळा

आज आपण अशा एका गोष्टीविषयी बोलणार आहोत जी बहुतेकींना माहीत आहे, पण तिच्याविषयी कुणी बोलत नाही. रविवारची दुपार कलली, सुरूच्या बनात सावल्या लांबल्या, की काही जणींच्या पोटात गोळा येतो. कुणाची छाती धडधडते, कुणाची उगाच चिडचिड होते, कुणाला रात्री झोप लागत नाही. विचारलं तर उत्तर येतं, "काय नाय गो, उद्या परत सोमवार!" आपण हसतो आणि विषय तिथेच संपतो.

आज तो संपवायचा नाही. कारण गटाच्या बैठकांतून ऐकताना लक्षात येतं, की या धाकधुकीची कारणं निरनिराळी असतात, आणि प्रत्येकीवरचा उपायही निराळा असतो.

आपल्याकडचा रविवार कसा असतो?

आरे-वारेचा रविवार म्हणजे गाड्यांची रांग. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी रस्त्यावर शनिवार-रविवारी पर्यटक थांबतात. कुणाची खोली भाड्याने असते, कुणी जेवण देते, कुणी सोलकढी, कोकम सरबत, भजी विकते. या बायांचा शनिवार-रविवार सुट्टीचा नसतोच, तो कामाचाच असतो. रविवारी संध्याकाळी पाहुणे निघून जातात आणि मागे उरतात चादरींचा ढीग, भांड्यांचा ढीग आणि हिशेब.

दुसऱ्या घरी मुलगा मुंबईहून दोन दिवसांसाठी आलेला असतो. रविवारी रात्रीच्या गाडीने तो परत जाणार. चाकरमान्याची पिशवी भरताना आईच्या मनात जी हुरहुर असते, ती कोकणातल्या घराघराला ओळखीची आहे. पाच दिवसांचे गणपती गेल्यावर रिकाम्या मखराकडे बघवत नाही, तसंच हे.

तिसऱ्या घरी मूल सोमवारच्या शाळेला घाबरतं. चौथ्या घरी सोमवारी सकाळी कर्जाचा हप्ता असतो आणि डब्यात पैसे नसतात. चारही घरांत संध्याकाळ तीच, गोळाही तोच, पण गाठ वेगवेगळी. ती ओळखल्याशिवाय सुटणार नाही.

हा रविवार आला कुठून?

थोडं मागे जाऊ. रविवारची सुट्टी आपल्याला आकाशातून मिळाली नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत माणसं उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत होती. त्यांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. जोतिराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि पगार वेळेवर, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

मागणी लगेच मान्य झाली नाही. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार बायकांनी उभं राहून भाषण केलं. दहा हजारांच्या गर्दीपुढे बोलणं त्या काळात केवढं धाडसाचं होतं, विचार करा. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. सरकारने २००५ साली लोखंड्यांचं टपाल तिकीट काढलं.

त्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेली माणसं फार मोठ्या संख्येने होती. म्हणजे या सुट्टीत आपल्या पणज्या-खापरपणज्यांचाही वाटा आहे. रविवार हा हक्क आहे आणि तो मागून, झगडून मिळवलेला आहे, हे लक्षात ठेवा. पुढे आपल्याला ते लागणार आहे.

पोटात गोळा का येतो?

आपल्या मेंदूचं एक काम म्हणजे धोका आधीच हेरणं. वाघ समोर असो की वाघ येणार असं वाटो, शरीर जवळजवळ तीच तयारी करतं. रक्तात काही रसायनं सुटतात, हृदय जोरात धडधडतं, स्नायू ताठरतात, पचन मंदावतं. म्हणून पोटात गोळा आल्यासारखं वाटतं आणि जेवण जात नाही. सोमवार अजून बारा तास लांब असतो, पण शरीर रविवारीच सोमवार जगू लागतं.

दुसरं कारण झोपेचं. शनिवारी-रविवारी पाहुण्यांची जेवणं उरकेपर्यंत मध्यरात्र होते. शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. रविवारी लवकर आडवं झालं तरी झोप येत नाही, आणि जागं राहिलं की विचार येतात. त्यात संध्याकाळी उशिरा घेतलेला चहा. चहातल्या कॅफिनचा अंमल निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. आठला घेतलेला चहा मध्यरात्रीनंतरही थोडा जागाच असतो.

तिसरं कारण अर्धवट कामांचं. पुरं झालेलं काम मन सोडून देतं, अर्धं राहिलेलं धरून ठेवतं. अमेरिकेत २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ५७ तरुण-तरुणींना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं लिहायला सांगितलं. काहींनी झालेली कामं लिहिली, काहींनी पुढे करायची. ज्यांनी करायची कामं लिहिली, त्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. प्रयोग लहान होता, पण उपाय फुकटचा आहे. कामं कागदावर उतरली की डोक्याला ती रात्रभर घोकावी लागत नाहीत. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगा, ती लिहील.

बाईचा रविवार कुठे आहे?

आता एक सरळ प्रश्न. घरात रविवारी सुट्टी कुणाला असते? २०१९ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवतात, म्हणजे जवळजवळ पाच तास. असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. शिवाय बायकांत शंभरातल्या ८१ जणी हे काम करतात, पुरुषांत शंभरातले २६.

म्हणजे ज्या सुट्टीच्या संपण्याची आपल्याला धास्ती वाटते, ती सुट्टी आपल्याला मिळालेलीच नसते. विश्रांती न घेतलेलं शरीर सोमवारला सामोरं जायचं म्हणून कुरकुरतं. हा आळस नव्हे, थकवा आहे. ज्या घरात शनिवार-रविवार धंद्याचे, त्या घरातल्या बाईने आठवड्यातली दुसरी कुठली तरी अर्धी दुपार ठरवून मोकळी ठेवावी. मंगळवार असो की बुधवार. त्या दिवशीचं एक जेवण घरातल्या दुसऱ्या कुणी करावं. ही मागणी घरात शांतपणे, पण स्पष्ट मांडायची. त्या दोन बायका दहा हजारांपुढे बोलल्या. आपल्याला चौघांपुढे बोलायचं आहे.

मूल रविवारी रात्री पोट धरून बसलं तर

दर रविवारी रात्री पोटात दुखतं आणि सुट्टीच्या दिवसांत दुखत नाही, असं असेल तर मूल नाटक करतंय असं समजू नका. दुखणं खरं असतं. कुणी चिडवतं का, मारतं का, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून बोलणी बसतात का, येण्याजाण्याच्या वाटेवर कुणी त्रास देतं का, हे हळूच विचारा. "काय झालं?" असं विचारलं की "काही नाही" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, "उद्याच्या दिवसातलं काय नको वाटतंय?" उत्तर मिळालं की रागावू नका, आधी ऐकून घ्या. मुलांना त्रास होत असेल तर १०९८ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो. आणि पोटदुखी सुट्टीतही होत असेल, ताप असेल, वजन उतरत असेल तर सरळ डॉक्टरांकडे.

सोमवारचा हप्ता

आता सगळ्यात जड गाठ. आपल्या गटांतल्या काही जणींनी बाहेरच्या कंपन्यांकडूनही लहान कर्जं घेतलेली असतात. एकीचा हप्ता सोमवारी, दुसरीचा बुधवारी. एक फेडायला दुसरं घेतलं की रविवारची रात्र वैरीण होते. अशा बाईला "चिंता करू नकोस" म्हणून उपयोग नाही. तिला नियम माहीत हवेत.

रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्म कर्जाचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारण न घेता दिलेलं कर्ज त्यात येतं. त्यातल्या कामाच्या गोष्टी ऐका:

- घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. नवीन कर्ज देताना हे बघणं कर्ज देणाऱ्यावर बंधनकारक आहे.
- वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी करायची. कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तिथे आली नाही, तरच माणूस घरी किंवा कामाच्या जागी येऊ शकतो.
- सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही.
- धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास, चारचौघांत नाव जाहीर करणं, हे सगळं मना आहे.
- कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही.
- कर्जाचं कार्ड तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं.

नियम मोडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी क्रमांक आहे १४४४८. मात्र एक ध्यानात ठेवा. हे नियम त्रास थांबवतात, कर्ज माफ करत नाहीत. घेतलेलं फेडायचंच आहे, पण मान खाली घालून नाही.

फेडण्याचं गणितही सोपं करू. समजा हप्ता ७५० रुपये, दर सोमवारी. मंगळवार ते रविवार हे सहा दिवस. रोजचे १२५ वेगळ्या डब्यात टाकले तर रविवारी रात्री डबा भरलेला. ज्यांची कमाई शनिवार-रविवारची, त्यांनी पाहुणे गेल्या गेल्या, बाजारहाट करण्याआधी, हप्त्याचे पैसे बाजूला काढायचे. तेही जमत नसेल तर गटाच्या बैठकीत सांगा. लाजायचं कारण नाही. अडलेलीला सावरायलाच आपण गट काढला. गटाच्या अंतर्गत कर्जातून महागडं कर्ज फेडता येतं का, हे सगळ्यांनी मिळून वहीत मांडून बघता येतं.

केव्हा थांबायचं नाही?

रविवारी संध्याकाळी येणारी आणि सोमवारी कामाला लागलं की जाणारी धाकधूक हा आजार नाही. पण ती रोज येऊ लागली, दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक गेली, कशातच गोडी वाटेना, जगणं नको वाटू लागलं, तर मदत घ्यायचीच. 'टेली मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. आणि सोमवारी नवरा कामावरून परतल्यावर मार बसेल अशी भीती असेल, तर ती मनाची कमजोरी नाही, तो खरा धोका आहे. त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

शेवटी, पुढच्या बैठकीसाठी एक काम. बचत आणि वसुली झाली की वही मिटण्याआधी दहा मिनिटं राखून ठेवा. प्रत्येकीने एकच वाक्य बोलायचं: "रविवारी संध्याकाळी मला सगळ्यात जास्त कशाची काळजी वाटते." कुणी सल्ला द्यायचा नाही, हसायचं नाही, बाहेर जाऊन बोलायचं नाही. जिची काळजी पैशाची, तिचं गणित गटाने मिळून करायचं. जिची कामाच्या ओझ्याची, तिने घरी कोणती अर्धी दुपार मागायची ते ठरवायचं. आणि जी गप्प राहील, तिच्या शेजारी बैठक सुटल्यावर एकीने थोडा वेळ बसायचं. पुढच्या भेटीत काय ठरलं ते आम्हाला नक्की कळवा.