टर्बाइनच्या उंबरठ्यावरचे तळे

हॅमिल्टन शहराच्या उत्तर टोकाला वसलेल्या रोटोटुना या उपनगराच्या नावात दोन माओरी शब्द दडले आहेत. ‘रोटो’ म्हणजे तळे आणि ‘टुना’ म्हणजे वाम मासा. या वस्तीच्या पश्चिमेने वाहणारी वायकाटो नदी टाउपो सरोवरातून निघते आणि हॅमिल्टनला पोहोचण्यापूर्वी आठ धरणे ओलांडते. रोटोटुनातून मोटारीने साधारण तासाभराच्या अंतरावर असलेले अरापुनी हे त्यांपैकीच एक. तेथील केंद्रातून जून १९२९ मध्ये वीज वाहू लागली आणि वर्षभरातच, जून १९३० मध्ये, ते बंद करावे लागले. धरण शाबूत होते, यंत्रेही नवी होती. बिघाड झाला होता तो या दोहोंच्या मधल्या जागेत. धरणापासून यंत्रांकडे पाणी नेणाऱ्या कालव्याच्या टोकाशी जमिनीला भेग पडली होती.

कालवा जेथे संपतो आणि दाबनळ जेथे सुरू होतो, तेथील विस्तारलेल्या जलाशयाला अभियंते ‘फोअरबे’ म्हणतात. जलविद्युत प्रकल्पाच्या छायाचित्रांत तो क्वचितच दिसतो. परंतु प्रकल्पाचे बरेवाईट पुष्कळदा याच छोट्या तळ्यावर ठरते.

खंडाळ्याचे उदाहरण

मराठी वाचकाला फोअरबे समजून घेण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने उभारलेले खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी घाटमाथ्यावरून पाटांवाटे खंडाळ्याच्या फोअरबेमध्ये येते. तेथून ते पोलादी नळांत शिरते आणि घाटाच्या पायथ्याशी, ५०० मीटरहून अधिक खाली, खोपोलीच्या जलचक्रांवर आदळते. एवढ्या उंचीवरून आलेल्या पाण्याच्या धारेचा वेग, घर्षण वगळले तर, सेकंदाला सुमारे १०० मीटर, म्हणजे ताशी ३५० किलोमीटरहून अधिक होतो. काम संपल्यावर तेच अवजल पाताळगंगेला मिळते.

या साखळीत फोअरबेचे स्थान घराच्या ओसरीसारखे आहे. बाहेरून आलेले पाणी येथे क्षणभर थांबते, शांत होते, अंगावरचा गाळकचरा टाकते आणि मगच आत जाते. आत जाणे अचानक थांबले, तर त्याची खोळंबलेली गर्दीही येथेच सांभाळावी लागते.

प्रत्येक प्रकल्पाला अशी ओसरी नसते. कोयनेच्या पहिल्या टप्प्यांत पाणी उघड्या कालव्याने येत नाही. ते डोंगराच्या पोटातील अधिजल बोगद्यातून दाबाखाली येते. तेथे हेच काम उल्लोळ विहीर करते. यंत्र थांबले की बोगद्यातील पाणी विहिरीत उंच चढते आणि यंत्र सुरू झाले की खाली उतरते. नियम सोपा आहे: पाण्याचा पृष्ठभाग उघडा असेल तर फोअरबे, पाणी बंदिस्त दाबाखाली असेल तर उल्लोळ विहीर. दोन्हींचा हेतू एकच आहे. पाण्याची गती एकाएकी बदलता येत नाही, विजेची मागणी मात्र एकाएकी बदलते.

तळे केवढे असावे?

एक काल्पनिक लघुप्रकल्प घेऊ. सेकंदाला २ घनमीटर पाणी, १०० मीटर उंची, म्हणजे साधारण १.६ मेगावॉट वीज. कालव्याची लांबी १ किलोमीटर आणि पाण्याची खोली १ मीटर.

यंत्र बंद असताना कालव्यातील पाणी जवळजवळ स्थिर आहे. आता यंत्र पूर्ण क्षमतेने सुरू केले, तर ते तत्क्षणी सेकंदाला २ घनमीटर पाणी मागू लागते. ही मागणी कालव्याच्या उगमापाशी कळते कशी? पाण्याची पातळी किंचित उतरते आणि त्या उताराची लाट प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने वर जाते. १ मीटर खोल पाण्यात अशा लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर असतो. म्हणजे ही वर्दी वर पोहोचायलाच पाच मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि वाढीव पाणी खाली येण्यात आणखी काही मिनिटे जातात.

पहिल्या पाच मिनिटांत यंत्र ६०० घनमीटर पाणी पिऊन टाकते. २० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि उपयुक्त खोली २ मीटर असलेले तळे नेमके एवढे पाणी देऊ शकते. प्रत्यक्षात कालव्यात साठलेले पाणीही काही भार उचलते आणि यंत्राची झडप हळूहळू उघडली तर गरज आणखी घटते. म्हणून अंतिम आकार क्षणाक्षणाच्या प्रवाहाचा हिशेब मांडूनच ठरवतात. तरीही या ढोबळ गणितातून मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. फोअरबेचे आकारमान दिवसाच्या विजेवर ठरत नाही, ते पाण्याच्या विलंबावर ठरते. कालवा लांब असेल तर तळे मोठे हवे.

यंत्र थांबले तर

याच्या उलट प्रसंग अधिक धोक्याचा. वादळात वाहिनी तुटली, केंद्राचा जाळ्याशी संबंध सुटला, तर यंत्राला काही सेकंदांत पाणी तोडावे लागते. कालव्यातील पाण्याला मात्र याचा पत्ता नसतो. ते सेकंदाला २ घनमीटर या दराने येतच राहते. कालव्याच्या उगमाचे दार बंद होईपर्यंत हे सारे पाणी कोठेतरी जायला हवे.

त्यासाठी सांडवा असतो आणि त्याची क्षमता कालव्याच्या पूर्ण प्रवाहाएवढी ठेवावी लागते. आपल्या उदाहरणात सांडव्यावरून ३० सेंटिमीटर जाडीचा थर जाऊ द्यायचा ठरवले, तर प्रत्येक मीटर लांबीवरून सेकंदाला सुमारे ०.२८ घनमीटर पाणी वाहते. म्हणजे सांडवा ७ मीटरहून थोडा लांब हवा. बांध त्याहून पुरेसा उंच हवा, कारण अचानक थांबलेल्या प्रवाहातून उठणारी लाट या ३० सेंटिमीटरच्याही वर जाते.

परंतु खरी चूक बहुधा सांडव्याच्या लांबीत होत नाही, सांडलेल्या पाण्याच्या वाटेत होते. फोअरबे स्वभावतःच डोंगराच्या कडेवर असतो आणि त्याच्या खालच्या उतारावर दाबनळाचे आधारखांब उभे असतात. सांडवा तेथेच मोकळा सोडला, तर पाणी त्या खांबांखालची माती धुऊन नेते. म्हणून सांडव्याला नैसर्गिक ओढ्यापर्यंत नेणारा बांधीव, पायऱ्यांचा मार्ग हवा. खर्चाला कात्री लावताना पहिली नजर याच मार्गावर जाते. वर्षातून दोन-तीनदाच तो वापरात येतो, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. त्या दोन-तीन वेळाच प्रकल्पाची परीक्षा पाहतात.

गाळ, कचरा आणि भोवरा

फोअरबेचे दुसरे काम पाणी निवळण्याचे. कालव्याकडून तळ्याकडे रुंदी हळूहळू वाढवली की वेग मंदावतो आणि वाळू तळाशी बसते. रुंदी एकदम वाढवली तर मधोमध वेगवान धार तशीच राहते आणि दोन्ही बाजूंना पाणी नुसते फिरत बसते. तळे मोठे दिसते, पण उपयोग अर्धाच होतो. उंच धबधब्याच्या प्रकल्पांत साधारण ०.२ मिलिमीटरहून मोठे कण आत जाऊ नयेत अशी काळजी घेतात. १०० मीटर प्रतिसेकंद वेगाच्या धारेतील वाळूचा कण पोलादी पात्यांवर कानशीसारखा चालतो. तळाला उतार देऊन सर्वांत खोल जागी गाळ सोडण्याचे दार ठेवले, तर बसलेला गाळ वेळोवेळी धुऊन काढता येतो.

त्यानंतर येते कचराजाळी. तिच्या गजांमधील अंतर यंत्रातील सर्वांत अरुंद वाटेपेक्षा कमी हवे, नाहीतर जाळीतून सुटलेली फांदी पुढे यंत्रात अडकते. जाळी तिरपी बसवली की दंताळ्याने कचरा वर ओढणे सोपे जाते. घाटमाथ्यावरच्या पहिल्या पावसात वाहून येणारा पालापाचोळा ज्याने पाहिला आहे, त्याला ही जाळी साफ करणाऱ्या माणसासाठी रुंद, कठडा असलेली जागा का ठेवायची, हे सांगावे लागत नाही.

जाळीच्या पलीकडे दाबनळाचे तोंड पाण्याखाली किती खोल असावे, हा प्रश्न उरतो. ते उथळ असेल तर न्हाणीघरातल्या मोरीवर होतो तसा भोवरा होतो आणि पाण्याबरोबर हवा नळात शिरते. त्याने यंत्र थरथरते व वीज घटते. कॅनडातील अभियंता गॉर्डन यांनी १९७० मध्ये प्रत्यक्ष केंद्रांच्या अनुभवावरून एक सूत्र सुचवले: नळातील वेग गुणिले व्यासाचे वर्गमूळ, आणि त्याला पाणी सरळ येत असल्यास ०.५४ ने व बाजूने येत असल्यास ०.७२ ने गुणायचे. आपल्या प्रकल्पात १ मीटर व्यासाच्या नळात वेग सेकंदाला २.५५ मीटर येतो. म्हणजे पाणी सरळ आले तर नळाच्या माथ्यावर सुमारे १.४ मीटर पाणी हवे आणि वळून आले तर १.८ मीटर. ही खोली तळ्याच्या किमान पातळीपासून मोजायची असते, भरलेल्या पातळीपासून नव्हे. तोंडाशी असलेल्या दारामागे हवेची नळीही लागते. ती नसेल आणि दार झटकन बंद झाले, तर आतले पाणी उतरताना निर्वात पोकळी होते आणि पातळ पत्र्याचा नळ बाहेरच्या हवेच्या दाबाने चेपला जातो.

अरापुनीचा धडा

वरील सर्व हिशेब पाण्याचे झाले. अरापुनीने शिकवलेला हिशेब जमिनीचा होता.

तेथील खडक ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला. काही थर घट्ट, काही मऊ आणि पाणी शोषणारे. त्यावरून काढलेल्या कालव्यातून पाणी झिरपत खालच्या थरांत गेले आणि खडकाच्या सांध्यांत दाब साठत गेला. जून १९३० मध्ये भेग उघडली, गळती वाढली आणि खालचे वीजगृहदेखील किंचित कलल्याचे दिसून आले. केंद्र थांबवून तलावाची पातळी उतरवावी लागली. सल्ल्यासाठी स्वीडनहून प्राध्यापक हर्नेल यांना बोलावण्यात आले. कालव्याला जलरोधक अस्तर घालून, दुरुस्त्या करून केंद्र १९३२ मध्ये पुन्हा सुरू झाले. जागतिक मंदीच्या काळात देशाच्या नव्या, मोठ्या केंद्राचे हे सुमारे दोन वर्षांचे मौन होते.

घाटमाथ्यावरचा फोअरबे म्हणजे कड्याच्या काठावर ठेवलेला पाण्याचा घडा. त्यातून होणारी गळती नुसती पाण्याची नासाडी नसते. झिरपलेले पाणी उतारातील माती-खडकाची पकड सैल करते आणि त्याच उताराच्या पायथ्याशी वीजगृह असते, माणसे असतात. म्हणून तळाला अस्तर हवे आणि अस्तराखाली निचऱ्याचे थर हवेत. अस्तर कधी ना कधी तडकणारच, हे गृहीत धरून झिरपलेले पाणी कोठून बाहेर येईल ते आधीच ठरवायचे आणि तेथे त्याचे मोजमाप ठेवायचे. गळती असणे हे संकट नव्हे. तिचा आकडा अचानक वाढणे, किंवा स्वच्छ येणारे पाणी गढूळ होणे, हा इशारा असतो.

अरापुनीने हे पुन्हा अनुभवले. १९९० च्या दशकात धरणाच्या पायातील गळती वाढल्याचे नोंदींवरून लक्षात आले. या वेळी तलाव रिता करावा लागला नाही. २००५ ते २००७ या काळात धरणाच्या माथ्यावरून खडकात खोलवर, एकमेकांना छेदणारी भोके पाडून काँक्रीटची भिंत उभारण्यात आली आणि ते होत असताना तलाव भरलेलाच होता. मोजणी चालू असल्यामुळे दुखणे वेळेत कळले.

सह्याद्रीत पुन्हा तोच प्रश्न

हा विषय आज मराठी अभियंत्यांसाठी जुना राहिलेला नाही. सौर व पवनऊर्जा वाढली तशी वीज साठवण्याची गरज वाढली आणि दोन पातळ्यांवरील जलाशयांत पाणी वरखाली करणाऱ्या उदंचन प्रकल्पांकडे महाराष्ट्र वळला. २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी शिरवटा येथे १८०० आणि भिवपुरी येथे १००० मेगावॉटच्या अशा प्रकल्पांसाठी सामंजस्य करार केला. शंभर वर्षांपूर्वी जेथे पाणी फक्त खाली उतरत होते, तेथे ते आता रोज परत वर चढवायचे आहे.

अशा प्रकल्पात वरच्या तळ्याचे तोंड दुपारी पाणी ओकते आणि संध्याकाळी तेच गिळते. कचराजाळीवर दोन्ही बाजूंनी जोर येतो, बाहेर पडणारी धार तळाशी बसलेला गाळ उसळवू शकते आणि पाण्याची पातळी रोज चढउतार करत असल्याने काठाच्या भरावाला रोज भिजण्या-सुकण्याचा ताण सोसावा लागतो. विलंब, सांडवा, गाळ, भोवरा आणि गळती हे जुने पाचही प्रश्न येथे अधिक वेगाने समोर येतात.

रोटोटुनाच्या नावातील वाम मासा या यादीत सहावा प्रश्न घालतो. न्यूझीलंडची वाम गोड्या पाण्यात दशकानुदशके वाढते आणि आयुष्यात एकदाच, अंडी घालण्यासाठी, नदीतून समुद्राकडे निघते. पॅसिफिकमधून परतलेली तिची पिल्ले वायकाटोवर कारापिरो धरणाच्या पायथ्याशी पकडून वरच्या जलाशयांत सोडली जातात. मोठी झालेली वाम खाली जाताना मात्र तिच्या वाटेत जाळी आणि यंत्रे येतात. जाळीचे गज जवळ घेतले तर ती वाचते, पण जाळी लवकर तुंबते आणि पाण्याची थोडी उंची वाया जाते. गज दूर ठेवले तर उलट होते. तिला बाजूने वाट काढून द्यायची असेल, तर ती वाट फोअरबेचा आराखडा काढतानाच त्यात हवी. काँक्रीट ओतून झाल्यावर तिला जागा सापडणे अवघड असते.