कारखान्याचा दवाखाना आणि त्यांतील माणसें

दसरा उलटला म्हणजे आमच्या परभणी जिल्ह्यांत पांढऱ्या सोन्याचे दिवस सुरू होतात. परभणी, सेलू, मानवत येथील बाजारांत कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि जिनिंगचे कारखाने गजबजूं लागतात. रेच्यांतून सरकी खालीं पडते, रुई पुढें सरकते, प्रेसमध्यें तिच्या गाठी बांधल्या जातात. आणि हें सर्व चालू असतांना हवेंत एक बारीक धूळ तरंगत राहते. बाहेरून पाहणाऱ्यास ती धुक्यासारखी दिसते. आंत राबणाऱ्याच्या मात्र ती छातींत जाते. आजच्या भाषणाचा विषय आहे कामाच्या जागीं असणारा दवाखाना व त्यांत रोग्याची काळजी घेणारीं माणसें. हीं माणसें कोण, प्रत्येकाचें काम कोणतें, आणि तीं खरोखर कोणाचीं, एवढेंच मला सांगावयाचें आहे. मी वैद्य नव्हे, शाळामास्तर. तेव्हां औषधांची नांवें माझ्याकडून ऐकावयास मिळणार नाहींत.

माझा एक जुना विद्यार्थी एका जिनिंग कारखान्यांत हंगामी कामास होता. आठवड्याची सुटी संपवून तो कामावर गेला कीं त्याची छाती आवळल्यासारखी होई. पुढें एक-दोन दिवसांत उतार पडे. कारखान्यांत औषधाची पेटी होती आणि आठवड्यांतून एकदां एक कंपौंडरहि येत असे. परंतु त्याचें टेबल होतें हजेरी मांडणाऱ्या कारकुनाच्या शेजारीं! "छाती भरते असें तेथें बोललों, तर पुढच्या हंगामाला मला बोलावतील का, गुरुजी?" असें त्यानें मला नंतर विचारलें. तीन हंगाम त्यानें कंपौंडरास एकच उत्तर दिलें, "कांहीं नाहीं, सर्दी आहे." आतां तो तें काम सोडून एका किराणा दुकानांत काट्यावर बसतो. माझ्या घराच्या चार पायऱ्या चढून आला म्हणजे बोलण्यापूर्वीं त्याला थोडा वेळ ओट्यावर थांबावें लागतें.

कापसाच्या धुळीनें होणाऱ्या या विकारास वैद्यकांत बिसिनोसिस असें नांव आहे. सूतगिरणींत जेथें रुई पिंजली जाते त्या खात्यांत तो विशेष दिसतो, जिनिंगमध्येंहि आढळतो. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशीं छाती दाटणें ही त्याची खूण. आरंभीं धुळीपासून दूर गेल्यास त्रास थांबतो. पण वर्षानुवर्षें दुर्लक्ष झालें, तर फुफ्फुसाची झालेली हानि भरून येत नाहीं. म्हणजे हा रोग वेळेवर ओळखण्यास मोठ्या यंत्राची आवश्यकता नव्हती, "त्रास कोणत्या दिवशीं होतो आणि तुम्ही काम काय करतां?" एवढा प्रश्न पुरेसा होता. आणि त्याचें खरें उत्तर मिळेल अशी जागा हवी होती.

हा प्रश्न वैद्यकास शिकविला तो इटलीमधील बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्यानें. १७०० सालीं त्यानें कारागिरांच्या रोगांवर लॅटिन भाषेंत ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्यास जे प्रश्न विचारण्याची प्राचीन परंपरा होती, त्यांत त्यानें "तुझा धंदा कोणता?" या प्रश्नाची भर घातली. तीनशें वर्षें होऊन गेलीं. तरी आपण दवाखान्यांत जातों तेव्हां वय विचारलें जातें, पत्ता विचारला जातो, धंदा मात्र पुष्कळदां विचारला जात नाहीं. कामाच्या जागच्या दवाखान्याचें वैशिष्ट्य हेंच कीं, तेथें या प्रश्नाचें उत्तर भिंतीपलीकडे प्रत्यक्ष पाहतां येतें.

आतां या दवाखान्यांतील माणसांची ओळख करून घेऊं.

पहिला भेटतो तो दारापाशीं नोंद करणारा. नांव, वय, खातें लिहून घेणें हें त्याचें काम. तें क्षुल्लक वाटतें, पण रांगेंतील दहा जणांना ऐकूं जाईल अशा आवाजांत त्यानें "काय होतंय?" असें विचारलें, कीं अर्धे रोगी खरें सांगत नाहींत. त्याचें कौशल्य हळू बोलण्यांत आणि कागद झांकून ठेवण्यांत आहे.

दुसरी परिचारिका. ती नाडी, ताप, वजन व रक्तदाब पाहते. रक्तदाब १४०/९० च्या वर राहूं लागला, तरी मनुष्यास बहुधा कांहींच जाणवत नाहीं. म्हणून "मला कांहीं होत नाहीं" असें म्हणणाराचेंहि माप घ्यावें लागतें. शिवाय स्त्री कामगार जें डॉक्टरांपुढें बोलत नाहींत, तें परिचारिकेजवळ बोलतात. याचें महत्त्व आपल्या प्रांतानें फार पूर्वीं अनुभवलें आहे. १९२० नंतरच्या पहिल्या वर्षांतच मुंबई सरकारनें गिरण्यांत काम करणाऱ्या बाळंतिणींची स्थिति पाहण्यासाठीं डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांची नेमणूक केली. कामावर जाणाऱ्या आया आपल्या तान्ह्या मुलांना अफू देऊन निजवितात, ही गोष्ट त्यांनीं उघडकीस आणली. पुढें १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत प्रसूति-लाभाचा कायदा झाला. आयांनीं विश्वासानें बोलावें असें कोणी तरी त्यांच्यापर्यंत पोंचलें, म्हणूनच ही गोष्ट बाहेर आली.

तिसरे डॉक्टर. त्यांच्याविषयीं अधिक सांगावयास नको. फक्त एवढेंच कीं कारखान्याच्या डॉक्टरानें आठवड्यांतून एकदां तरी आपली खुर्ची सोडून कामाच्या जागीं फिरावें. पाठ दुखते म्हणून पांच जण एकाच खात्यांतून आले, तर दोष पांच पाठींत नसून गाठ उचलण्याच्या पद्धतींत असण्याचा संभव अधिक. तसेंच, दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला धुळीचा समजून सोडून देऊं नये; थुंकीची तपासणी करून क्षय नाहीं याची खात्री करावी. ही तपासणी व क्षयाचें औषध सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळतें.

चौथा औषध देणारा. गोळी जेवणापूर्वीं कीं नंतर, हें तर त्यानें सांगावेंच. पण सर्दी-खाजेच्या कांहीं गोळ्यांनीं झोंप येते, आणि ती घेऊन चालत्या यंत्रापाशीं उभें राहणें म्हणजे हात गमावण्याची तयारी करणें, हेंहि त्यानें बजावलें पाहिजे. गांवांतील दुकानदार हें सांगेलच असें नाहीं. कारण घेणारा कोठें काम करतो हें त्याला ठाऊक नसतें.

पांचवा मनुष्य दवाखान्यांत बसत नाहीं. तो कामगारांतलाच एक असतो. प्रथमोपचार शिकलेला हा सोबती अपघाताच्या जागीं सर्वांच्या आधीं पोंचतो. १९४८ च्या कारखाने कायद्यानें दर १५० कामगारांमागें प्रथमोपचाराची एक पेटी आणि ती सांभाळणारा शिकलेला मनुष्य असावा, व पांचशेंहून अधिक कामगार असतील तेथें उपचाराची स्वतंत्र खोली असावी, असें ठरविलें होतें. भाजलेल्या जागीं शाई किंवा दांत घासण्याचें मलम न लावतां वीस मिनिटें गार वाहतें पाणी सोडावें, एवढें ज्यास ठाऊक आहे, तो अशा वेळीं मोठ्या उपयोगाचा.

सहावा सुरक्षा-अधिकारी. इतर सर्व जण रोग्यास औषध देतात. हा कारखान्यास औषध देतो. धूळ निघते तेथेंच ती ओढून घेणारा पंखा बसविणें हा खरा उपाय. तोंडावर फडकें बांधणें हा अगदीं शेवटचा. दुर्दैवानें पुष्कळ ठिकाणीं शेवटचा उपायच पहिला मानला जातो, कारण तो स्वस्त असतो.

सातवा समुपदेशक. कर्ज, दारू, झोंप न लागणें, घरांतील भांडणें, यांचीं ओझीं मनुष्य कामावर येतांना फाटकाबाहेर ठेवून येत नाहीं. लहान कारखान्यास असा मनुष्य ठेवणें शक्य नसतें. परंतु २०२२ च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें सुरू केलेली टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. तो क्रमांक दवाखान्याच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवण्यास कांहींच खर्च येत नाहीं.

हे झाले सात जण. आठवा स्वतः रोगी. आणि त्यानें खरें सांगितल्याखेरीज इतर सातांची विद्या व्यर्थ जाते. तो खरें केव्हां सांगतो? आपण सांगितलेली गोष्ट पगार देणाऱ्याच्या टेबलावर जाणार नाहीं, अशी त्याची खात्री असेल तेव्हां. येथेंच या दवाखान्याची खरी अडचण आहे. त्याचा खर्च मालक देतो आणि त्याचें काम कामगारासाठीं असतें. मग डॉक्टर कोणाचा? १९८५ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें कामाच्या जागच्या आरोग्यसेवेविषयीं जो करार मंजूर केला, त्यांत याचें उत्तर स्पष्ट आहे. हीं माणसें आपल्या विद्येच्या बाबतींत मालक व कामगार या दोघांपासूनहि स्वतंत्र असावीं. आणि कामगार गैरहजर कां राहिला याची शहानिशा करण्याचें काम मालकानें त्यांच्यावर टाकूं नये. अमुक मनुष्य अमुक कामास योग्य आहे कीं नाहीं, एवढें मालकास कळावें. त्याच्या रोगाचें नांव दवाखान्यांतच राहावें. हजेरीचें टेबल आणि औषधाचें टेबल यांमध्यें एक भिंत असावी, असें मी म्हणतों तें याच अर्थानें.

मालक स्वखुशीनें जें देतो तें दान, आणि कायद्यानें मिळतें तो हक्क, हा भेद महाराष्ट्रानें लवकर ओळखला. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याच्या सुटीबरोबरच, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन मिळावें, हीहि एक मागणी होती. पुढें साठ वर्षांनीं, १९४४ सालीं, प्राध्यापक बी. पी. आडारकर यांनीं कामगारांच्या आरोग्य-विम्याचा अहवाल सरकारला सादर केला. त्यांतून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा निघाला. योजना प्रथम २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें, आणि १९५४ सालीं नागपूर व मुंबई येथें सुरू झाली. तिचें तत्त्व सोपें आहे. २०१९ च्या जुलैपासून ठरलेल्या दरानें बारा हजार रुपये वेतनावर कामगाराचे ९० रुपये व मालकाचे ३९० रुपये जमा होतात. त्यांतून त्याला व त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतो. दवाखाना एका मालकाच्या पैशावर चालत नाहीं, म्हणून तेथील डॉक्टरहि एका मालकाचा नोकर नसतो.

परंतु आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीनें या योजनेंत एक मोठी उणीव राहिली. १९४८ च्या कायद्यानें हंगामी कारखाने तिच्याबाहेर ठेवले. आणि हंगामी कारखाने म्हणून जे मोजले, त्यांत कापसाचें जिनिंग व प्रेसिंग आणि साखर-गूळ हे धंदे स्पष्टपणें नमूद होते. म्हणजे परभणीचा मनुष्य ज्या दोन पिकांवर राबतो, नेमके तेच! जुने कायदे एकत्र करून संसदेनें २०२० सालीं ज्या संहिता मंजूर केल्या, त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आल्या. त्यांत ठराविक वर्गाच्या कामगारांची वार्षिक आरोग्य-तपासणी मालकानें विनामूल्य करावी अशी तरतूद आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण विमा-योजनेच्या बाहेर हंगामी कारखाना अजून आहेच. माझ्या विद्यार्थ्यास त्या वेळीं जाण्यासाठीं दुसरी जागा कां नव्हती, याचें उत्तर यांत आहे.

श्रोतेहो, आपणांपैकीं कोणी जिनिंगमध्यें भागीदार असतील, कोणी सहकारी संस्थेचे संचालक, कोणी कचेरीचे अधिकारी. प्रत्येक लहान कारखान्यानें सात जणांचें पथक ठेवावें असें मी म्हणत नाहीं. तें शक्यहि नाहीं. चार कारखान्यांनीं मिळून हंगामापुरता एक डॉक्टर व एक परिचारिका ठेवतां येईल. हंगामाच्या आरंभीं व अखेरीस प्रत्येकाचा श्वास मोजून, तो कागद ज्याचा त्याला देतां येईल. पहिल्या तपासणीपेक्षां दुसरी उणी भरली, तर त्या मनुष्यास धुळींतून काढून वजनकाट्यावर किंवा आवारांतील कामावर घेतां येईल. आणि तपासणीमुळें कोणाचीहि रोजी जाणार नाहीं, हें पहिल्याच दिवशीं सर्वांसमक्ष सांगतां येईल. यांतील शेवटच्या गोष्टीस एक पैहि लागत नाहीं. पण तिच्यावांचून बाकीच्या गोष्टींचा खर्च वायां जाईल.

आणि हेंहि ज्यांच्या हातीं नाहीं, त्यांनीं निदान आपल्या दुकानांत वा घरीं काम करणाऱ्या मनुष्यास एकान्तांत विचारावें, "त्रास होतो का? केव्हां होतो?" आणि उत्तर ऐकल्यावर त्याच्या मजुरीस हात लावूं नये. माझ्या विद्यार्थ्यास हा प्रश्न अशा रीतीनें कोणीच विचारला नाहीं. त्यानें मला तें सांगितलें तेव्हां मीं स्वतःलाहि विचारलें, तीन वर्षें तो दर सणाला माझ्याकडे येत होता. मीं तरी कोठें विचारलें होतें?