क्ष-किरणांच्या खोलीत रुग्ण कोणाचा?

दवाखान्यात जाऊन ‘फोटो’ काढून घेण्याचा प्रसंग तुमच्यापैकी बहुतेकांवर कधी ना कधी आला असेल. छातीचा फोटो, गुडघ्याचा फोटो, कमरेचा फोटो असेच आपण म्हणतो. शब्द सोपा आहे, पण त्याने एक गैरसमज करून ठेवला आहे. फोटोवाल्याचे काम काय, तर बसवायचे, बटण दाबायचे आणि ‘पुढचा’ म्हणून हाक मारायची. क्ष-किरण तंत्रज्ञाविषयी लोकांची कल्पना साधारण अशीच असते. दुःखाची गोष्ट ही की, गर्दीच्या रेट्यात तो तंत्रज्ञही स्वतःला तसेच समजू लागतो.

मी डॉक्टर नव्हे आणि तंत्रज्ञही नव्हे. दवाखान्यांतील कामगारांच्या संघटनेचा मी कार्यकर्ता. शाळा लवकर सुटली. जे काही शिकलो ते या लोकांच्या खोल्यांत उभे राहून आणि त्यांच्या नियमांची पुस्तके चाळून शिकलो. तेव्हा ज्या प्रसंगाने मला हा विषय शिकायला भाग पाडले, तो आधी सांगतो.

पंचवीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मोठ्या रुग्णालयात रात्रपाळीला एकच तंत्रज्ञ होता. घरात पडलेली सत्तरीची एक बाई स्ट्रेचरवरून आणली गेली. खुब्याचे हाड मोडल्याचा संशय होता. वॉर्डबॉयने हात लावून तिला टेबलावर घेतले आणि तो दुसऱ्या हाकेला गेला. तंत्रज्ञाने फोटो घेतला. त्या वेळी फिल्म धुवावी लागे. तो कॅसेट घेऊन डार्करूममध्ये शिरला. आठ-दहा मिनिटे गेली. बाईला लघवीला जायचे होते. कोणाला सांगावे हे तिला कळेना. ती उठू लागली आणि टेबलावरून खाली पडली. खुबा मोडलेला होताच, आता मनगटही मोडले.

तंत्रज्ञावर आरोपपत्र आले. आम्ही त्याची बाजू घेतली. जागा रिकाम्या होत्या, माणूस एकटा होता, टेबलाला अडसर नव्हता. माझ्या कागदावर बारा मुद्दे होते आणि बाराही खरे होते. चौकशी अधिकाऱ्याने त्याला एकच प्रश्न विचारला: “मी आत जातो आहे, दहा मिनिटांत येतो, तोवर उठू नका, काही लागले तर हाक मारा, एवढे तुम्ही त्यांना सांगितले होते काय?” तो गप्प राहिला. मीही गप्प राहिलो, कारण बारा मुद्द्यांत याचे उत्तर नव्हते.

त्याच चौकशीत बाईचा मुलगा म्हणाला, “आत किरण असतात म्हणून मी दारापासून लांब जाऊन उभा होतो.” याला आत येऊन आईजवळ उभे राहा असे कोणी म्हटले असते तर काहीच घडले नसते; आणि फोटो घेऊन झाल्यावर तिथे किरण नव्हतेच! क्ष-किरण हे दिव्याच्या उजेडासारखे. यंत्राच्या नळीत विजेच्या जोराने इलेक्ट्रॉन धातूवर आदळतात तेवढ्यापुरते ते निघतात. बटण सोडले की संपले. भिंतीत, चादरीत, रुग्णाच्या अंगात काही शिल्लक राहत नाही. ही एक गोष्ट शहरातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक झाली तरी आजच्या व्याख्यानाचे सार्थक होईल.

अर्थात भीती सर्वस्वी खोटी आहे असे नाही. रंटगेन या जर्मन प्राध्यापकाला हे किरण 8 नोव्हेंबर 1895 रोजी दिसले. त्याच डिसेंबरात त्याने पत्नीच्या हाताचे, बोटातल्या अंगठीसह, चित्र घेतले. जग वेडे झाले. त्या वेडात सुरुवातीला जे बळी गेले त्यांत एक कारागीर होता, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात क्लॅरन्स डॅली नावाचा काच फुंकणारा कामगार होता. नळी नीट चालते की नाही हे तो स्वतःचा हात मध्ये धरून पाही. हाताला जखमा झाल्या, त्या बऱ्या होईनात, त्यांचा कर्करोग झाला, दोन्ही हात कापावे लागले आणि 1904 साली तो वारला. त्याचे हाल पाहून एडिसनने या किरणांचा नाद सोडला. जर्मनीत हँबुर्ग येथे एका रुग्णालयाच्या बागेत 1936 साली अशा माणसांचे स्मारक उभारले गेले. त्यावर दीडशेहून अधिक नावे होती, पुढे ती साडेतीनशेवर गेली. डॉक्टर आहेत, तंत्रज्ञ आहेत, परिचारिकाही आहेत.

त्या मरणांतून नियम जन्मले. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 साली मुंबईत स्थापन झाले आणि किरणांपासून संरक्षणाचे नियम 2004 साली झाले. किरणांत काम करणाऱ्याच्या शरीराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30, याहून जास्त मात्रा पोचता कामा नये. त्यासाठी तो छातीवर एक बिल्ला लावतो आणि दर तीन महिन्यांनी तो बिल्ला तपासणीला जातो. आमच्या संघटनेचे अर्धे आयुष्य हे बिल्ले वेळेवर मिळावेत म्हणून भांडण्यात गेले.

आता रुग्णाला किती मात्रा मिळते? छातीच्या एका फोटोला एक दशांश मिलिसीव्हर्ट किंवा त्याहूनही कमी. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून जगातल्या माणसाला सरासरीने वर्षाकाठी सुमारे अडीच मिलिसीव्हर्ट असेच मिळत असतात. तेव्हा छातीच्या फोटोला भिऊ नये. पोटाच्या सी.टी. स्कॅनला मात्र आठ-दहा मिलिसीव्हर्ट लागू शकतात. तो डॉक्टरने विचार करूनच लिहावा आणि ‘सगळे एकदा तपासून टाका’ असा हट्ट आपणही धरू नये. सोनोग्राफी व एम.आर.आय. यांत क्ष-किरण नसतातच.

आणि इथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. कामगारासाठी मर्यादेचा आकडा आहे, तसा रुग्णासाठी नाही. कारण गरज असेल तेवढे चित्र त्याला मिळालेच पाहिजे. नियम एवढेच म्हणतो की, कारण असल्याशिवाय चित्र घेऊ नका आणि लागतील तेवढेच किरण वापरा. पहिली गोष्ट मुख्यतः डॉक्टरच्या हाती. दुसरी त्या खोलीतल्या तंत्रज्ञाच्या हाती, आणि तिथे त्याच्यावर नजर ठेवायला कोणी नसते. किरणांची चौकट हवी तेवढीच उघडायची की आळसाने पुरी उघडायची? रुग्ण हलला म्हणून चित्र बिघडले, की पुन्हा काढावे लागते, म्हणजे मात्रा दुप्पट. रुग्ण हलतो का? पुष्कळदा घाबरतो म्हणून, दुखते म्हणून, काय करायचे ते कळले नाही म्हणून. तेव्हा रुग्णाला धीर देणे, ‘श्वास घ्या, रोखून धरा’ हे त्याच्या भाषेत आधी एकदा करून दाखवणे, हे किरणसंरक्षणाचेच काम आहे. (‘आता सोडा’ हे सांगायला विसरणारे तंत्रज्ञही मी पाहिले आहेत. बिचारा म्हातारा लाल होईपर्यंत श्वास धरून उभा!)

हे काम कसे करायचे असते ते एका मुरलेल्या तंत्रज्ञाकडे मी दिवसभर बसून पाहिले. रुग्ण आला की तो ‘तुम्ही अमुक ना?’ असे विचारीत नसे. म्हातारी, बहिरी, घाबरलेली माणसे कशालाही मान डोलावतात. तो विचारी, “आपले नाव काय? वय काय? कुठे दुखते?” मग केसपेपर पाही. उजव्या गुडघ्याऐवजी डाव्याचा फोटो, एका पाटलाऐवजी दुसऱ्या पाटलाचा फोटो, हे सगळे घोटाळे या दोन वाक्यांत टळतात. उजवे-डावे दाखवणारी शिशाची खूण तो विसरत नसे.

दागिन्यांचा प्रश्न आपल्याकडे नाजूक. छातीच्या फोटोत मंगळसूत्राचे मणी नेमके फुप्फुसावर दिसतात, म्हणून ते काढावे लागते. पण गुडघ्याच्या फोटोसाठी आलेल्या बाईलाही ‘सगळे काढा’ म्हणून दटावणारे आहेत. नवरा आजारी असताना मंगळसूत्र काढताना एखादीचे हात कापतात, हे दटावणाऱ्याला दिसत नाही. आमचा हा गृहस्थ म्हणे, “ताई, मण्यांची सावली पडते, दोन मिनिटे सासूबाईंच्या हातात द्या, लगेच परत घाला.” आडोशाला पडदा, अंगावर घ्यायला स्वच्छ वस्त्र, आणि बाई रुग्ण असेल तर शेजारी एखादी आया किंवा घरची बाई, याबाबतीत तो हटून बसे.

दिवस गेले आहेत काय, हा प्रश्नही त्याच्याकडून ऐकावा. नवी सून, शेजारी सासू, दारात दीर. सर्वांदेखत विचारले तर उत्तर ‘नाही’ असेच येणार. तो बाकीच्यांना बाहेर काढून, आयेला जवळ ठेवून, पाळी कधी आली होती ते हळू आवाजात विचारी. दिवस असतील किंवा शंका असेल तर डॉक्टरला विचारल्यावाचून तो हात लावत नसे. मूल धरायला आईला आत घेतले, तर शिशाचा ॲप्रन तिला घातलाच पाहिजे. पण ती गरोदर असेल तर बापाला बोलवावे. रोजच्या रोज मुले धरण्याचे काम तंत्रज्ञाने स्वतः मुळीच करू नये. डॅलीचा हात आठवावा.

सी.टी. स्कॅनला शिरेतून औषध देतात तेव्हा अंगातून गरम लाट जाते आणि कपड्यांत लघवी झाल्यासारखे वाटते. आधी सांगितले नाही, तर भली माणसे शरमेने अर्धमेली होतात, हलतात, स्कॅन बिघडतो. तसेच दमा, पूर्वी औषधाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेहाच्या गोळ्या, हे विचारलेच पाहिजे. औषध दिल्यावर अर्धा तास तरी रुग्ण नजरेसमोर असावा. क्वचित कोणाचा घसा आवळतो, तेव्हा मिनिटांचा हिशेब असतो.

एम.आर.आय.ची गोष्ट क्ष-किरणांच्या अगदी उलट. तिथले चुंबक बटण सोडले तरी बंद होत नाही. ते रात्रंदिवस चालूच असते. 2018 च्या जानेवारीत मुंबईत एका रुग्णालयात रुग्णाबरोबर आलेला एक तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर हाती घेऊन त्या खोलीत गेला. यंत्राने सिलिंडरसकट त्याला ओढले आणि तो दगावला. दारावरच्या माणसाचे ‘थांबा’ हे तिथे औषधाइतके मोलाचे. नातेवाइकांनी त्याच्याशी हुज्जत घालू नये.

सगळ्यांत अवघड प्रश्न फोटो झाल्यावर येतो: “काही निघाले का हो?” चित्र सर्वांत आधी पाहतो तो तंत्रज्ञ. डाग त्याला दिसतो. पण निदान करण्याचा अधिकार त्याला नाही. ‘काही नाही, जा’ म्हणणे खोटे. ‘बघा बुवा, कठीण दिसते’ म्हणणे क्रूर. डॉक्टर पाहून सांगतील, अमुक वेळेला या, असे सरळ सांगावे. आणि आत काही तातडीचे दिसले तर रुग्णाला रांगेत न सोडता स्वतः उठून डॉक्टरला गाठावे.

आता माझ्या धंद्याचे बोलतो. 2021 साली केंद्राने कायदा करून या तंत्रज्ञांच्या शिक्षणाची व नोंदणीची व्यवस्था केली, चांगले झाले. पण जागा मंजूर करताना अजून बरेच ठिकाणी किती फोटो निघाले एवढेच मोजतात. आठ तासांत शंभर फोटो म्हणजे एका रुग्णामागे पाच मिनिटेही पडत नाहीत. त्यात नाव विचारणे, पडदा ओढणे, स्ट्रेचरवरून मोडके अंग उचलणे, म्हाताऱ्याला श्वास शिकवणे, हे कधी करायचे? हे काम मोजले जात नाही, म्हणून ते दयेचे समजले जाते. दयाळू माणूस करतो, थकलेला टाळतो. आमचे म्हणणे असे की, ते पगाराचे काम आहे, ते वेळेत धरा आणि तेवढी माणसे द्या. आणि ज्याला वेळ दिला आहे त्याने ते केले नाही, तर त्याला जाब विचारा. संघटना आड येणार नाही. हे शेवटचे वाक्य मी आमच्या सभेत म्हटले तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत.

त्या चौकशीत आमच्या तंत्रज्ञाची एक वेतनवाढ रोखली गेली. आम्ही अपील केले नाही. त्यानेच नको म्हटले. रात्रपाळीला दुसरा माणूस द्यावा ही आमची मागणी वर्षभराने मान्य झाली. पुढे फिल्म गेली, डार्करूम गेली, चित्र क्षणात पडद्यावर येऊ लागले. तेव्हा आता एकटा पुरे असे ठरवून तो दुसरा माणूस काढून घेण्यात आला. टेबल मात्र तेवढेच उंच आहे.