विचारलं तर डोक्यात भरेल?

‘पोट्टे हायेत, चिडवतीलच. तूही चिडव न!’ मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडं मुलानं घरी गाऱ्हाणं केलं की असंच काहीसं ऐकायला मिळतं. दोन मित्र एकमेकांना टोपणनावं ठेवतात ती मस्करी. पण रोज एकालाच घेरायचं, त्याच्या जातीची, अंगाची, मराठी वळणाच्या हिंदीची टिंगल करायची, वर व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा, हा छळ झाला. आत्महत्येमागं एकच एक कारण सहसा नसतं, आणि छळ सोसणारी बहुतेक मुलं त्यातून निभावतात. तरी नैराश्य आणि मरणाचे विचार अशा मुलांत जास्त आढळतात. छळणाऱ्यांतही, याकडं मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

‘चिडवतीलच’ या समजाहून घातक समज म्हणजे ‘आत्महत्येचं विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल’. न्यू यॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या २,३४२ मुलांवर हे तपासलं गेलं; निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना आधी आत्महत्येविषयी प्रश्न विचारले, काहींना नाही. विचारल्यानं असे विचार वाढले नाहीत. आधीपासून निराश असलेल्यांचा ताण उलट थोडा कमी दिसला. तेव्हा आडवळण नको. ‘जगूच नये असं वाटतं का रे?’ असं सरळ विचारावं आणि मग ऐकावं. उपदेश लगेच सुरू झाला, की पोरगं पुन्हा तोंड उघडत नाही.

‘बोलतो तो करत नाही’ हेही खोटं. अनेकांनी आधी कुणाजवळ तरी सूचित केलेलं असतं.

‘ज्याला करायचंय तो करणारच’ म्हणणाऱ्यांनी श्रीलंकेकडं पाहावं. अतिविषारी कीटकनाशकांवर तिथं टप्प्याटप्प्यानं बंदी आली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. टोकाची ऊर्मी बहुधा थोडाच वेळ टिकते. त्या वेळात साधन हाताशी नसलं तर जीव वाचतो. छिंदवाड्यातून २०२३ मध्ये वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हाही कापसाचा, संत्र्याचा. फवारणीचं औषध घराच्या कोपऱ्यात राहतं. ते कुलपात हवं, किल्ली मोठ्यांकडं.

‘शाळेत सर आहेत की!’ असंही म्हणतात. पण बिहारच्या नालंदा जिल्ह्यात गोव्याच्या ‘संगत’ संस्थेनं ७४ शाळांत प्रयोग केला. खास नेमलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांमुळं दादागिरी आणि नैराश्य घटलं; तेच काम शिक्षकांवर टाकलं तिथं फरक पडला नाही. आधीच शंभर कामं असलेल्या माणसाकडून वेगळं काय होणार? शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयानंही जुलै २०२५ मध्ये बजावलं आहे.

‘पोलीस केस होईल’ या धास्तीनं काही घरं दवाखानाच टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच मानलं जातं, शिक्षा होत नाही. मुलानं काही विषारी घेतलं असेल तर आधी रुग्णवाहिकेसाठी १०८. नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६: मोफत, चोवीस तास, मराठीतही. अठराच्या आतल्यांसाठी १०९८ ही बाल हेल्पलाइन आहेच.