पांढऱ्या रेषेतला खड्डा

भिवंडी म्हटली की यंत्रमागांची खडखड, गोदामांच्या रांगा आणि पावसाळ्यात रस्त्यांना पडणारे खड्डे डोळ्यांपुढे उभे राहतात. अशा गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा एक तंटा ठरलेला. चेंडू खड्ड्यात अडकतो, फलंदाज धावत सुटतो आणि क्षेत्ररक्षक ओरडतो, "खड्डा आहे, धरायचे नाही!" मग ज्याचा आवाज मोठा, त्याचा न्याय खरा.

हाच तंटा गोल्फने कसा मिटवला, हे पाहण्यासारखे आहे. कारण या खेळात बहुधा पंच जवळ नसतो. खेळाडूच स्वतःचा पंच!

एडिंबरोजवळच्या लीथ गावी 1744 साली गोल्फचे तेरा नियम लिहिले गेले. तेव्हापासून या खेळाचा बाणा एकच: चेंडू पडेल तिथूनच खेळायचे. खेळ आपल्याकडे आला तोही फार मागे. कलकत्त्याचा क्लब 1829चा, मुंबईत चेंबूरचा 1927चा. पण मैदान म्हणजे काही देवघराची फरशी नव्हे. कुठे नळ घालायला चर खणलेला, कुठे पाऊस साचलेला, कुठे घुशीने बीळ केलेले. अशा ठिकाणी नियम दंडाशिवाय सूट देतात.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, जमीन वाईट दिसली की चेंडू उचलावा! छे, तसे नाही. दुरुस्तीची जमीन कोणती हे खेळाडू ठरवीत नाही, समिती ठरवते. तिच्याभोवती बहुधा पांढरी रेषा मारलेली असते. माळ्याने कामासाठी खणलेला खड्डा किंवा उचलून नेण्यासाठी रचलेला गवताचा ढीग, यांना रेषा लागत नाही. उघडी पडलेली जमीन, आधीच्या खेळाडूच्या फटक्याने उखडलेले गवत, यांना रेषेवाचून सूट नाही. साचलेल्या पाण्याचेही तसेच. उभे राहताना पाय जोराने न दाबता पाणी दिसले पाहिजे. नुसता चिखल चालत नाही. घुशीच्या बिळाला सूट आहे, किड्यामुंग्यांच्या बिळाला नाही.

सूट मिळाली, तरी चेंडू हवा तिथे ठेवता येत नाही. होलच्या जवळ न सरकता, चेंडू, पाय आणि फटक्याचा झोत या तिन्हींना अडथळा नसेल अशी सर्वांत जवळची जागा शोधायची. तिथून एका काठीच्या लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. 2018पर्यंत तो खांद्याच्या उंचीवरून सोडीत. मात्र जवळची जागा म्हणजे चांगली जागा नव्हे! ती झुडपातही निघेल. म्हणून जाणता खेळाडू आधी जागा पाहतो, मग चेंडूला हात लावतो. सूट नको असेल तर पडल्या जागेवरून खेळावे. समितीने तिथे खेळायला मनाई केली असेल, तरच सूट घेणे भाग पडते. वाळूच्या खड्ड्यात पाणी साचले, तर फुकट सूट त्या खड्ड्यातच. बाहेर यायचे तर एक फटका दंड.

ही रेषा ओळखण्यात चूक झाली, तर काय होते? 15 ऑगस्ट 2010. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हिसलिंग स्ट्रेट्स मैदानावर पीजीए अजिंक्यपदाचा शेवटचा दिवस. डस्टिन जॉन्सन एका फटक्याने पुढे होता आणि शेवटचा होल खेळत होता. चेंडू ज्या वाळूत थांबला, ती प्रेक्षकांनी तुडवलेली साधी जमीन आहे असे समजून त्याने काठी वाळूला टेकवली. पण मैदानावरचा असा प्रत्येक वाळूचा तुकडा बंकर समजावा, अशी सूचना समितीने आधीच लावली होती. दोन फटके दंड झाला. तो नसता तर तो बरोबरीच्या निर्णायक सामन्यात खेळला असता. ती लढत मार्टिन कायमर आणि बब्बा वॉटसन यांच्यात झाली आणि कायमर जिंकला. नुसती तुडवलेली जमीन आणि नियमाची जमीन यांतला फरक इतका महाग पडला!

याच्या उलट, दुसऱ्या महायुद्धात लंडनजवळच्या रिचमंड क्लबाने तात्पुरते नियम केले. बाँबने पडलेल्या खड्ड्यात चेंडू गेला, तर दंड नाही. पण फटका मारताना बाँब फुटून तो चुकला आणि पुन्हा मारायचा असेल, तर एक फटका दंड! युद्धातही खेळाने आपला हिशेब सोडला नाही.

हे नियम पांडित्यासाठी केलेले नाहीत. दैवाचा वाटा दैवाला ठेवावा आणि जिथे दोष मैदानाचा, तिथे खेळाडूला भुर्दंड पडू नये, एवढाच त्यांचा आग्रह. कोणता खड्डा दैवाचा आणि कोणता व्यवस्थेचा, हे ज्याचा लाभ त्याने ठरवायचे नाही. ज्याच्यावर जबाबदारी त्याने रेषा मारून जाहीर करायचे. गल्लीतल्या पोरांनीही खेळ सुरू होण्यापूर्वी खडूने खड्ड्यांभोवती रेषा माराव्यात. निम्मे तंटे तिथेच मिटतील.