ढगातली किर्द

ऑगस्ट २०१९. कृष्णेचं पाणी ओसरल्यावर सांगलीतल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या दुकानात गेलो होतो. हळदीची पोती कुजू लागली होती, संगणकाच्या डब्यात गाळ भरला होता. शेठ मात्र निर्धास्त. "बॅकअप आहे की हो! तिजोरीत ठेवलाय." तिजोरी उघडली, तर आधी बादलीभर गढूळ पाणी बाहेर आलं आणि त्यामागून हार्ड डिस्क. मग शेतकऱ्यांनी घरातल्या विक्रीच्या जुन्या पट्ट्या शोधून आणून दिल्या आणि त्यांवरून आम्ही तीन महिने हिशेब पुन्हा उभा केला. काम संपलं तेव्हा शेठ म्हणाले, "आता सगळं क्लाउडवर टाकायचं. म्हणजे कटकटच नको."

कटकट जात नाही, फक्त जागा बदलते, हे त्यांना समजावण्यात माझी पुढची दोन वर्षं गेली.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतले, भाड्याने घेतलेले संगणक. ॲमेझॉनने २००६ मध्ये हा धंदा मोठ्या प्रमाणावर मांडला, २०१६ मध्ये मुंबईत आपली केंद्रं उघडली. आज महापे-ऐरोलीकडे गेलात तर बिनखिडक्यांच्या अशा इमारती दिसतील. मी एकीत जाऊन आलो आहे. आत थंडी, घरघर आणि दारादारावर पहारा. इमारत, वीज, यंत्रं ही मालकाची जबाबदारी. आत काय ठेवलं, कोणाला कुलूप उघडता येतं आणि दुसरी प्रत कुठे आहे, ही आपली. करारात हे स्वच्छ लिहिलेलं असतं, पण तो करार पूर्ण वाचलेला व्यापारी मला अजून भेटायचा आहे.

माझे वडील अडत दुकानात दिवाणजी होते. दिवसभराचा व्यवहार आधी किर्दीत, झाला त्या क्रमाने. मग सवडीने खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर. खतावणी मांडता मांडता दिवे गेले तरी त्यांना फिकीर नसे. किर्द शाबूत असली की खतावणी पुन्हा मांडता येते. पुढे मी डेटाबेस शिकलो तेव्हा हसूच आलं. बँकेचा असो वा दुकानाचा, चांगला डेटाबेस हेच करतो: बदल आधी नोंदवहीत लिहून पक्का करतो, मग मूळ जागी नेतो. मध्येच वीज गेली तर उठल्यावर नोंदवही वाचतो आणि अर्धवट राहिलेले व्यवहार रद्द करतो. एकाला नावे पडलं आणि दुसऱ्याला जमाच झालं नाही, असं होऊ देत नाही. पैसे भरताना नेट अडकलं आणि गिऱ्हाईकाने बटण पुन्हा दाबलं, तर पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून प्रत्येक मागणीला वेगळा क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आला की यंत्र म्हणतं, ही पावती फाडून झाली आहे.

आता माझ्या लाडक्या गोष्टीकडे येतो. घरच्यांनी ती इतक्यांदा ऐकली आहे, की मी ३१ जानेवारी म्हटलं की सगळे उठून जातात.

गिटलॅब ही कंपनी जगभरच्या प्रोग्रामरांचं काम सांभाळते. २०१७ मध्ये तिचा डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर होता. त्या रात्री एक दमलेला अभियंता दुय्यम सर्व्हरची दुरुस्ती करत होता. तिथला डेटा पुसून नव्याने भरावा म्हणून त्याने आज्ञा दिली, पण दिली ती मुख्य सर्व्हरवर. सेकंद-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने थांबवलं. सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार उरले होते.

तरी हरकत नव्हती, बॅकअप होते. एक नव्हे, अनेक तऱ्हांचे! रोजचा बॅकअप उघडायला गेले, तर ठेवण्याची जागा रिकामी. बॅकअप घेणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा निघाला, डेटाबेस नवा. तो रोज अपयशी ठरत होता. अपयशाची ईमेलही जात होती, पण तिच्यावर योग्य सही नसल्याने ती नाकारली जात होती. क्लाउडवाल्याची डिस्कची छबी घेण्याची सोय होती, ती या सर्व्हरसाठी सुरूच केलेली नव्हती. शेवटी कामी आली ती त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेली एक प्रत. ती संथ डिस्कवरून परत आणायला अठराएक तास लागले आणि मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.

मला ही कंपनी आवडते ती पुढच्या वागण्यासाठी. त्यांनी दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली, चुकांचा पाढा जाहीर केला आणि अभियंत्याला काढलं नाही. आपल्याकडे आधी त्या पोराची नोकरी गेली असती आणि बॅकअप तसाच राहिला असता.

आगही लागते. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीची पाच मजली इमारत जळाली. काही गिऱ्हाइकांच्या दुसऱ्या प्रती त्याच आवारात होत्या. म्हणजे आमच्या शेठची तिजोरीच! उलट ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं बघा. गूगलकडे एका अंतर्गत साधनातला एक रकाना रिकामा राहिला होता, म्हणून मे २०२४ मध्ये निधीची एक खासगी क्लाउड व्यवस्थाच पुसली गेली. सहा लाखांहून जास्त सभासद खोळंबले. पण निधीने एक प्रत दुसऱ्या कंपनीकडेही ठेवली होती. व्यवस्था पुन्हा उभी राहिली.

कुलपांबद्दल दोन शब्द, कारण संपादकांनी आठवण करून दिली. डेटा कूटबद्ध करा, किल्ली वेगळी ठेवा, मुख्य खात्याला पासवर्डबरोबर दुसरी ओळख लावा आणि बॅकअप पुसण्याचा अधिकार रोज काम करणाऱ्या खात्याला देऊ नका. २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीचं क्लाउड खातं खंडणीखोराच्या हाती लागलं. त्याने डेटा पुसला, बॅकअपही पुसले आणि कंपनी बंद पडली. कायद्याचंही ऐका: कंपन्यांनी हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप रोज, भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा, असा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे.

शेठ शेवटी क्लाउडवर गेले. दोन महिने जुनी आणि नवी दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी चालवली आणि रोज संध्याकाळी दोन्हीकडची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाकींची बेरीज, ताडून पाहिली. एकविसाव्या दिवशी ४० रुपयांचा फरक आला. शेठ म्हणाले, "सोडा हो, चहाचे पैसे." वडील असते तर जेवले नसते. मीही सोडलं नाही. शोधलं, तर एक परतावा नव्या व्यवस्थेत दोनदा नोंदला जात होता. जुनी व्यवस्था बंद केली असती, तर हे ४० रुपये वर्षभरात किती झाले असते ते शेठनीच नंतर बोटांवर मोजलं.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यांचा मुलगा बॅकअपमधून सगळा हिशेब घरच्या जुन्या लॅपटॉपवर परत आणतो, तेरीज जुळवतो आणि लागलेला वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. मागच्या वेळी ५२ मिनिटं लागली. यंदा लक्ष्मीपूजनाला वहीवर हळदकुंकू वाहण्याआधी तुम्हीही तुमचा बॅकअप एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. उघडला नाही, तर पाडव्याच्या मुहूर्ताची वाट न बघता तुमच्या संगणकवाल्याला लगेच फोन लावा.